उभ्या गाडीचं सामान

नवा ड्रायव्हर पहिल्या लांबच्या खेपेला निघतो तेव्हा त्याची बॅग चालत्या गाडीसाठी भरलेली असते. गॉगल, गाण्यांनी भरलेला पेनड्राइव्ह, दोन नवे शर्ट, मोबाइलचा स्टँड. गाडी चालू असते तोवर ड्रायव्हरला खरं तर फारसं काही लागत नाही. लागतं ते गाडी उभी राहिल्यावर. आणि लांब पल्ल्याची गाडी किती वेळ उभी राहते, हे घरी बसलेल्या माणसाला सांगून पटत नाही. भरायला नंबर लागेपर्यंत उभी, वजनकाट्यावर उभी, शहराची नो एन्ट्री सुटेपर्यंत उभी, जाममध्ये उभी, टायर बसला म्हणून उभी, खाली करायला हमाल नाहीत म्हणून उभी. परतीचं भाडं मिळेपर्यंत तर दोन-दोन दिवस उभी. म्हणून कुणी पोरगा येऊन विचारतो, "नाना, काय काय घेऊ?" तेव्हा मी एवढंच सांगतो, की सामान उभ्या गाडीसाठी भर.

मी निफाड तालुक्यातला. पिंपळगाव-लासलगावचा कांदा पूर्वेकडे नेण्यात माझी उमेदीची वर्षं गेली. चांदवड सोडून राहुड घाट उतरायचा, मालेगाव, धुळे, तिथून नागपूरचा रस्ता धरायचा. जळगाव, अकोला, अमरावती, नागपूर, रायपूर, संबलपूर, मग खरगपूरवरून कोलकाता. माल गुवाहाटीचा असला तर फरक्क्याच्या बंधाऱ्यावरून गंगा ओलांडून सिलीगुडी आणि पुढे आसाम. सगळं मिळून अडीच हजार किलोमीटरच्या वर. दहा टायरची गाडी भरली की साडेअठ्ठावीस टनांपर्यंत वजन, आणि आत असा माल जो थांबायला तयार नसतो. कांदा जिवंत असतो. हवा मिळाली नाही की तापतो, घामेजतो, खालच्या गोणीतून पाणी सुटायला लागतं.

आमच्या काळी गाडीवर दोन माणसं असायची. क्लीनर म्हणून वर्षानुवर्षं उस्तादाच्या हाताखाली काढली की मग स्टिअरिंग मिळायचं. तोवर काय न्यायचं हे कुणी शिकवावं लागत नव्हतं, कारण ते सामान वाहणारा, शोधून देणारा आणि हरवलं तर शिव्या खाणारा क्लीनरच असायचा. आता भाड्यात परवडत नाही म्हणून बहुतेक मालक एकट्या ड्रायव्हरला धाडतात. पोरं लायसन काढून थेट मोठ्या गाडीवर येतात. अंधारात बॅटरी धरायला, मागे घेताना आवाज द्यायला, चाकाला दगड लावायला दुसरं कुणी नाही. हा बदल लक्षात घेऊनच बॅग भरली पाहिजे. हातात धरायच्या बॅटरीचा एकट्या माणसाला उपयोग नाही, डोक्याला बांधायची घ्यायची. दोन्ही हात मोकळे राहिले तर नट खोलता येतो.

दुसरी वस्तू त्रिकोण. लाल चमकणारा, घडीचा, पायावर उभा राहणारा. तो गाडीबरोबर येतो आणि पुष्कळदा सीटखाली कोऱ्या वेष्टनात पडून असतो. रात्री हायवेवर गाडी बंद पडली की आधी इंजिनात डोकं घालायचं नाही. चारी इंडिकेटर लावायचे, रेडियमच्या पट्ट्यांचं जाकीट अंगात घालायचं आणि त्रिकोण घेऊन मागे चालत जायचं, रस्त्याच्या कडेने, येणाऱ्या गाड्यांकडे तोंड करून. शंभर पावलं तरी. वळण किंवा चढ असेल तर त्याच्याही पलीकडे, कारण मागून ताशी ऐंशीने येणाऱ्याला आपली गाडी दिसल्यावर ब्रेक लावून उपयोग नसतो, त्याआधी कळावं लागतं.

आपल्याकडे सर्रास रीत काय आहे? कडेचे चार दगड उचलायचे, गाडीमागे ओळीने मांडायचे, बाभळीची फांदी तोडून वर ठेवायची. गाडी दुरुस्त झाली की ड्रायव्हर निघून जातो आणि दगड रस्त्यात राहतात. मग अंधारात मोटारसायकलवर एखादं कुटुंब येतं, पुढे नवरा, मागे बायको, मध्ये लेकरू. त्यांच्या दिव्याला तो दगड दिसेपर्यंत चाक त्यावर गेलेलं असतं. असे दगड दिसले की मी गाडी थांबवून उतरून ते बाजूला टाकत आलो. नव्या माणसाला हात जोडून सांगतो, त्रिकोण वापरा, आणि नाइलाजाने दगड मांडलाच तर निघण्याआधी उचला. आपल्या धंद्याला लोक नावं ठेवतात, त्यातली काही नावं या दगडांनी मिळवलेली आहेत.

चाकाला लावायलाही दगड नको. घाटात किंवा उतारावर गाडी उभी केली की हातब्रेकवर भरवसा ठेवून खाली वाकायचं नाही. सुताराकडून बाभळीच्या लाकडाचे दोन तिरके ठोकळे करून घ्यायचे, त्यांना दोर बांधायचा म्हणजे लांबून ओढून काढता येतात. दगड फुटतो, सरकतो, ओल्या डांबरावर घसरतो. ठोकळा टायरला घट्ट धरून बसतो.

हत्यारांची पेटी मालक देतो, पण त्यात काय आहे ते निघायच्या आदल्या दिवशी स्वतः उघडून बघायचं. जॅक चढतो का, चाकाचा पाना आपल्याच नटाला बसतो का, टॉमी, म्हणजे पाना फिरवायची लोखंडी कांब, आहे का. जॅकखाली ठेवायला फळकूट हवंच, पावसाळ्यात साइडपट्टीवर जॅक नुसता मातीत रुततो. बाकी थोडे फ्यूज, हेडलाइटचा एक बल्ब, फॅनबेल्ट, चिकटपट्टी, तार, पक्कड, स्क्रू ड्रायव्हर, कुलंटचा डबा. गाडी बीएस-६ असेल, म्हणजे २०२० च्या एप्रिलनंतरची, तर धूर साफ करणाऱ्या युरियाच्या द्रावणाची अर्धी बादली तरी. डिझेल भरपूर असून युरिया संपला की गाडीची ताकद जाते, आणि हे नेमकं अशा पट्ट्यात होतं जिथे पंपावर तो मिळत नाही.

टॉमीचं एक काम पुस्तकात सापडत नाही, ते सांगतो. दर थांब्यावर उतरलं की गाडीभोवती एक फेरी मारायची आणि टॉमीने प्रत्येक टायर ठोकायचा. भरलेला टायर खणखणीत वाजतो, टॉमी हातात उसळून येते. हवा कमी असली की आवाज भद्द येतो आणि हाताला कळतं की मार आत मुरला. पुढचा टायर बसला तर स्टिअरिंग सांगतं. मागच्या जोड टायरांतला आतला बसला तर कुणीच सांगत नाही, बाहेरचा एकटा सगळं वजन ओढत राहतो, दोघं एकमेकांना घासतात, तापतात आणि दुपारच्या उन्हात फुटतात. त्याच फेरीत दोन टायरांच्या मध्ये अडकलेला दगडही बघायचा आणि टॉमीच्या टोकाने काढून टाकायचा. तो तसाच राहिला तर टायर कापतो, नाहीतर वेगात सुटून मागच्याच्या काचेवर जातो. या फेरीला पाच मिनिटंही लागत नाहीत.

कांद्याच्या गाडीला ताडपत्री म्हणजे अर्धा ड्रायव्हर. पाऊस आला की झाकायचं, थांबला की सोडायचं, नाहीतर आतला माल शिजतो. हे दिवसातून तीनदा-चारदा करायचं, एकट्याने, हौद्यावर चढून. त्यासाठी वेगळा नायलॉनचा दोर हवा, सुतळीचं बंडल आणि दाभण हवं. वाऱ्याने ताडपत्रीला बोटभर चीर पडली की तिथल्या तिथे शिवायची, नाहीतर संध्याकाळपर्यंत ती हातभर होते. आणि गाठ अशी यायला हवी की ओढली की आवळत जाईल आणि एका हिसक्यात सुटेल. दोराला आधी एक फास, टोक खाली हुकातून घेऊन परत वर फासातून, मग अंगाचं वजन टाकून ओढायचं आणि शेवटचा वेढा दुमडून खोचायचा. ओल्या दोरावर दातांनी गाठी सोडत बसलेला ड्रायव्हर मी पाहिला आहे, पाऊस काही त्याच्यासाठी थांबला नाही. ही गाठ घरीच अंगणातल्या खांबाला बांधून शिकावी, हौद्यावर नाही. चढताना पायात चप्पल नको, रबरी तळाचे बूट हवेत. फाळक्यावरून घसरून हात मोडलेले ड्रायव्हर प्रत्येक ट्रान्सपोर्ट नगरात भेटतात.

कागदांबद्दल पोरं म्हणतात, सगळं मोबाइलमध्ये आहे. खरं आहे. डिजिलॉकर आणि एमपरिवहनवरचं लायसन, आरसी चालतं. पण मोबाइल पडतो, भिजतो, चोरीला जातो, आणि ओडिशाच्या जंगलपट्ट्यात त्याला रेंज नसते. म्हणून लायसन, आरसी, विमा, फिटनेस, नॅशनल परमिट, पीयूसी यांचा एक कागदी संच प्लास्टिकच्या पाकिटात हवाच. बिल्टी वेगळ्या कप्प्यात. कांद्याला ई-वे बिल लागत नाही, त्यामुळे आमच्याकडची पोरं त्याबाबत अडाणी राहतात आणि परतीला चहा किंवा प्लायवूड भरलं की गोत्यात येतात. त्या मालाला बिल लागतं, आणि दर दोनशे किलोमीटरला एक दिवस अशी त्याची मुदत असते. गाडी बंद पडली तर मुदत संपण्याच्या आधीच्या किंवा नंतरच्या आठ तासांत ती वाढवून घेता येते. म्हणून मुदतीची तारीख आणि वेळ निघतानाच वहीत लिहायची.

ती वहीही सामानातच धरायची. किलोमीटर, डिझेल, टोल, पंक्चर, हमाली. शेवटच्या पानावर मालकाचा, घरचा, माल घेणाऱ्याचा नंबर, हायवेची मदत १०३३, पोलीस ११२, रुग्णवाहिका १०८. एक चिठ्ठी शर्टाच्या खिशात, तिच्यावर आपलं नाव, रक्तगट आणि घरचा नंबर. अपघातात मोबाइल लॉक असतो, खिशातली चिठ्ठी कुणालाही वाचता येते. आणि दुसऱ्याचा अपघात दिसला तर घाबरून पुढे निघायचं नाही. मोटार वाहन कायद्यात २०१९ साली दुरुस्ती होऊन जखमीला मदत करणाऱ्याला संरक्षण मिळालं आहे. नाव सांगायचीही सक्ती नाही. प्रथमोपचाराची पेटी यासाठीसुद्धा भरलेली हवी.

पाणी हा जाममधला खरा प्रश्न. फरक्क्याला बंधाऱ्यावरच रस्ता आहे, शेजारून रेल्वे जाते. पुढे काही अडलं की मागे ट्रकची रांग कुठवर गेली ते कळत नाही. पुढे जाता येत नाही, मागे वळता येत नाही, गाडी सोडून हॉटेल शोधता येत नाही. तिथे वीस लिटरचा कॅन असलेला माणूस शहाणा ठरतो. नवी पोरं पाणी कमी पितात, कारण लघवीला उतरायला जागा नसते. ड्रायव्हरांना मुतखडा होतो त्याचं मोठं कारण हेच आहे. मे महिन्यात विदर्भातून जाताना जुन्या गाडीच्या केबिनमध्ये खालून इंजिनाचा आणि वरून पत्र्याचा ताव असतो. १ ऑक्टोबर २०२५ पासून बनणाऱ्या मोठ्या मालट्रकना एसी केबिन सक्तीची झाली, हे चांगलंच झालं, पण नवा ड्रायव्हर नव्या गाडीवर क्वचित बसतो. त्याला मालक जुनीच देतो. तेव्हा कॅन, ओआरएसच्या पुड्या, कांदा, लिंबू आणि डोक्याला ओला पंचा.

घरून पहिल्या दोन दिवसांच्या दशम्या, लसणाची चटणी, ठेचा. दुधात मळलेली दशमी टिकते. पुढे स्वतः करायचं. पाच किलोचा छोटा सिलिंडर, एक पातेलं, तवा, ताट, सुरी, आणि तांदूळ, मूगडाळ, बेसन, तिखट, हळद, मीठ, गूळ, शेंगदाणे एवढ्यावर आठवडा निघतो. खिचडी आणि पिठलं ज्याला येतं तो उपाशी राहत नाही. बंगालात ढाब्यावर भात आणि मोहरीच्या तेलातली भाजी मिळते, चांगली असते, पण आपल्या पोटाला सवय होईपर्यंत त्रास देते. पोट बिघडलं तर गाडी चालवणं कठीण होतं, म्हणून पैसे वाचतात त्यापेक्षा तब्येत वाचते हे स्वयंपाकाचं खरं कारण. एक मात्र कडक नियम : सिलिंडर केबिनमध्ये पेटवायचा नाही. बाहेर पाऊस असो, थंडी असो. आडोसा करून बाहेरच. केबिनमध्ये गाद्या, पडदे, वायरिंग सगळं पेट घेणारं असतं आणि बाहेर पडायला दोनच दरवाजे.

झोपेसाठी गोधडी. जानेवारीत सिलीगुडीच्या बाजूला धुकं उतरलं की रात्री गाडी हाकायची नाही, पंपावर लावून सकाळी ऊन पडेपर्यंत थांबायचं. तेव्हा लोखंडी केबिन किती गार पडते ते नाशिकची थंडी पाहिलेल्यालाही माहीत नसतं. कानटोपी, पायमोजे, गोधडी तिथे कामाला येतात. छत्तीसगड-ओडिशात डास, म्हणून खिडकीच्या मापाची जाळी वेल्क्रोची पट्टी शिवून न्यायची. काच उघडी, जाळी लावलेली, दरवाजे आतून बंद. जाळी नसली की माणूस उकाड्याने वैतागून चटई घेऊन गाडीखाली झोपतो. गाडीखाली झोपायचं नाही. कुणी गाडी पुढे घेतो, उतारावर ती सरकते, खाली कुणी आहे हे वरच्याला कळत नाही. या कारणाने माणसं मेलेली आहेत आणि ती सगळी दमलेली, कष्टाळू माणसं होती.

औषधं थोडीच, पण आपली. बीपी किंवा शुगरची गोळी चालू असेल तर परतीपर्यंत पुरेल एवढी आणि वर आठवड्याची, डॉक्टरच्या चिठ्ठीसकट. तापाची गोळी, जुलाबाची, भाजल्याचं मलम, पट्ट्या. चष्मा असेल तर दुसरा चष्मा. रात्री समोरच्या दिव्यांनी डोळे फार दिपतात असं वाटलं तर आधी डोळे तपासायचे, मग गाडीवर बसायचं.

आणि जे न्यायचं नाही ते. झोप उडवायच्या गोळ्या, अफूचा डोडा, असलं काही ढाब्यावर कुणी प्रेमाने पुढे करतो. म्हणतो, उस्ताद, रात्र निघून जाईल. रात्र निघते आणि पहाटे चार वाजता उघड्या डोळ्यांनी माणूस झोपतो. माझ्या ओळखीची माणसं अशी गेली. मोटार वाहतुकीच्या कामगारांसाठी १९६१ चा कायदा होता : दिवसाला आठ तास काम, आणि पाच तासांच्या वर सलग नाही, मध्ये अर्धा तास विश्रांती. नोव्हेंबर २०२५ पासून त्याची जागा नव्या कामगार संहितेने घेतली, आठ तासांचा नियम तिच्यातही आहे. लांबच्या गाडीवर हा नियम पाळताना मी कुणाला पाहिलं नाही. पण नव्या ड्रायव्हरने तो माहीत करून घ्यावा आणि मालकाने वेळेचा तगादा लावला की सांगावा. निदान झोप मागताना आपण हक्काचं मागतोय, भीक नाही, एवढं तरी ठाऊक असावं. नोकरी गेली तर दुसरी गाडी मिळते. ड्रायव्हर सगळ्यांनाच कमी पडतात.

इथवरचं सगळं एका पेटीत आणि दोन पिशव्यांत बसतं. बसत नाही ते सांगून थांबतो. माल खाली व्हायला लागणारा वेळ पेटीत नेता येत नाही. संडास नेता येत नाही, अंघोळीचं पाणी नेता येत नाही, गाडी लावायला सुरक्षित जागा नेता येत नाही. बाजार समितीच्या आवारात शेतकऱ्यासाठी, व्यापाऱ्यासाठी काही ना काही सोय असते. ज्याच्या गाडीवर दोघांचा माल जातो त्याला कंपाउंडच्या भिंतीआड जावं लागतं. मोठमोठ्या गोदामांच्या गेटवर ड्रायव्हरला आत येऊ देत नाहीत, नळ आत असतो. म्हणून वाचणाऱ्यांपैकी कुणाचं गोदाम असेल, कारखाना असेल, कुणी बाजार समितीवर निवडून गेलं असेल, त्यांना माझी विनंती आहे. गेटबाहेर एक नळ, दोन संडास आणि पत्र्याची एक शेड करा, आणि आलेल्या गाडीला खाली करायची वेळ पहिल्याच तासाला सांगा. मग ती वेळ पाळा.